घर नावाचं फोल्डर

माझा आधीचा फोन दादाने चिऱ्यावर आपटून फोडला. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, राजापूरजवळच्या आमच्या गावी अगदी शेजारच्या घरात राहणारा. पहिल्या आपटीत काच गेली. दुसऱ्या आपटीत मागचं झाकण निघालं. मग त्याने तो जमिनीवर टाकला आणि वहाणेच्या टाचेने रगडला, विंचू मारावा तसा. मी समोर उभी होते आणि त्याचं मनगट धरायची ताकद माझ्यात नव्हती. या गोष्टीचा मला आजही राग येतो, फोनचा तेवढा नाही.

कारण होतं गडगा. आमच्या आणि त्याच्या कलमांच्या मध्ये जांभ्याच्या चिऱ्यांची कमरेएवढी भिंत आहे, चुना-सिमेंट न घालता नुसती रचलेली, तिला आम्ही गडगा म्हणतो. पावसात तो ढासळला. दादाने तो परत रचला, पण आमच्या बाजूला चार हात सरकवून, आणि त्या चार हातांत बाबांनी लावलेली हापूसची दोन कलमं त्याच्याकडे गेली. मी रत्नागिरीहून रविवारची गावी गेले होते. जुन्या गडग्याचा पाया अजून मातीत दिसत होता, त्याचे मी चौदा फोटो काढले. दादा हातात कोयती घेऊनच आला.

"फोटो कसले काढतंस गो?"

"गडग्याचे."

"गडगा माजा हाय."

पुढे काय झालं ते सांगितलंच. फोटो फक्त फोनमध्ये होते. पुढच्या रविवारी गेले तेव्हा जुना पाया खणून काढलेला होता.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकाला वाळवी लागली तर काय करायचं, दुर्मीळ पानाची प्रत कुठे ठेवायची, हे मी दुसऱ्यांना शिकवते. आणि स्वतःच्या घरचा पुरावा मी खिशात घेऊन फिरत होते. शहाणपणाचा कळसच म्हणायचा!

नवा फोन आला आणि मी कागद ठेवायचं ॲप शोधायला बसले. लोक ॲप निवडतात तेव्हा ते दिसतं कसं, चालतं किती भरभर, हे बघतात. मी प्रत्येक ॲपकडे दादा होऊन बघत होते. हे कसं फोडता येईल? हे कोणाच्या टाचेखाली येईल? प्रत्येकात मी आधी लाईटबिल ठेवायचे आणि मग त्याचे हाल करायचे. पहिलं ॲप फोनमधून उडवून परत घेतलं, तर बिल गायब. ते तिथेच संपलं. दुसऱ्यात बिल होतं, पण रेंज असेल तरच दिसायचं. आमच्या गावात रेंजसाठी देवळाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि भांडणं काही देवळाची वाट बघत थांबत नाहीत. तिसऱ्याने बिल छान जपलं, फक्त मागितलं तेव्हा देईना. दिलं ते अशा कुठल्या तऱ्हेने की दुसरीकडे उघडेच ना. माझाच कागद मला द्यायला नखरे! त्या ॲपला मी मनापासून शिव्या घातल्या, अर्थात ग्रंथालयात घालता येतात तेवढ्या हळू आवाजात.

चौथं टिकलं. फोन नसला तरी कॉलेजच्या संगणकावर कागद दिसत होता, रेंजशिवाय उघडत होता, साधी पीडीएफ निघत होती. हटवलेली वस्तू महिनाभर कचरापेटीत राहत होती. आणि कोणी काय ठेवलं, कोणी काय काढलं, याची वेळेसकट यादी होती. ती यादी मला तेव्हा बिनकामाची वाटली.

आता ठेवायचा खरा कागद एकच उरला होता, बाबा आणि काका यांच्यातलं वाटपपत्र. काका म्हणजे दादाचे वडील. ते आता नाहीत. जन्मभर ते उजव्या पायाने लंगडायचे, तरुणपणी कलमावरून पडले होते म्हणून. वाटपपत्र साध्या कागदावर शाईने लिहिलेलं, दोघांच्या सह्या, खाली गावातल्या चौघांचे अंगठे. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की चिंचेच्या बुंध्यापासून विहिरीच्या काठापर्यंत सरळ गडगा, तो दोघांचा, कोणी एकट्याने हलवायचा नाही. शेवटची ओळ होती, "यापुढे दगडाला कोणी हात लावायचा नाही." ती वाचून मला इतका आनंद झाला की मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. गडग्याच्या दगडाला हात लावायचा नाही! याहून स्पष्ट आणखी काय पाहिजे? बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला. त्यांनी आधी त्याची घडी घातली.

"घरात सगळ्यांना दिसूदे, बाय," मग एवढंच म्हणाले. "माजं काय झालं तर कोणाकडे तरी पायजे."

वाटपपत्र मी ॲपमध्ये ठेवलं आणि फोल्डरला नाव दिलं 'घर'. ॲपने विचारलं, कोणाला दाखवायचं? माझ्याकडे 'घर' नावाची यादी तयारच होती, मी ती टाकली आणि सगळ्यांना सगळं करायची मुभा दिली. ती यादी मी गणपतीसाठी केलेली होती: मुंबईहून कोण कुठल्या गाडीने येणार, आरतीला कोण, मोदकांना कोण. जमिनी वेगळ्या झाल्या तरी आमच्याकडे दोन्ही घरांचा गणपती एकच बसतो, त्यामुळे त्या यादीत आई-बाबा होते, मुंबईचा माझा भाऊ होता, आणि दादा आणि त्याची बायको, आमची वहिनी, हेसुद्धा होते. मी चार ॲपांचा छळ केला आणि चोराला स्वतःच्या हाताने किल्ली दिली.

एप्रिलात दादाने त्या दोन कलमांवरचे आंबे उतरवायला घेतले. मी गावीच होते. बाबा ट्रंकेतून वाटपपत्र काढून निघाले, तेव्हा आई त्यांना अडवत होती. मीच म्हटलं, "खुशाल दाखवा. अस्सल गेलं तरी आपल्याकडे ॲपमध्ये प्रत ठेवलेली आहे." हे वाक्य मला आता स्वतःच्या तोंडात ऐकवत नाही.

बाबा गडग्याशी गेले आणि कागद उलगडून धरला. दादाने वाचलासुद्धा नाही. हिसकावला, फाडला, परत फाडला, तुकडे तोंडात कोंबून चावले आणि बाबांच्या सदऱ्यावर थुंकले. बाबांनी त्याची गचांडी धरली. दादाने आंबे उतरवायची काठी उलटी केली आणि तिच्या बुडाने बाबांच्या मनगटावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओली फांदी मोडावी तसा तो होता. बाबा खाली बसले, तर त्याने दुसरा घाव खांद्यावर घातला. सत्तर वर्षांच्या माणसावर. पुढचं मला सलग आठवत नाही. आई ओरडत होती एवढं आठवतं, आणि मग दादा तोंड दोन्ही हातांनी धरून वाकला होता, त्याच्या बोटांमधून रक्त गळत होतं, आणि गडग्यावर एका चिऱ्याची जागा रिकामी होती.

बाबांना गाडीत घालून रत्नागिरीच्या दवाखान्यात आणलं. आत प्लास्टर चाललं होतं. बाहेरच्या बाकावर बसून मी ॲप उघडलं. 'घर' फोल्डरमध्ये वाटपपत्र नव्हतं. मग ती बिनकामाची यादी उघडली. दादाने एक फाइल हटवली, सकाळी सात बावन्न. घाव पडला दहा वाजता. म्हणजे सकाळी देवळाच्या पायऱ्या चढून, रेंज शोधून, त्याने आधी प्रत उडवली, आणि मग आंब्यांना हात घातला. रागाच्या भरात झालं म्हणून त्याने नंतर सगळ्यांना सांगितलं. कसला राग? राग सात बावन्नला येतो आणि दहापर्यंत थांबतो होय?

कचरापेटीतून कागद परत मिळाला. मी तिथेच बाकावर रडले. बाबांची कलमं वाचली होती.

कागद फोल्डरमध्ये परत आला, तेव्हा त्याच्याखाली एक व्हिडिओ दिसला. वहिनीने गडग्यापलीकडून काढून दुपारी ठेवलेला. घरचं सगळं इथे ठेवतात, म्हणून तिनेही ठेवला असेल, किंवा मुंबईकरांनी बघावा म्हणून. बावीस सेकंदांचा. बाबा आणि घाव त्यात नव्हतेच. त्यात मी होते. मी गडग्यावरचा चिरा दोन्ही हातांनी उपसते, डोक्यावर नेते, आणि पाठ फिरवून निघालेल्या दादाला हाक मारते. "दादा!" तो वळतो. मगच मी तो फेकते. त्याच्या जबड्यावर. तो जात होता, हे मला आठवत नव्हतं. माझा चेहरा व्हिडिओत अगदी शांत होता.

मी व्हिडिओ हटवला, दोनदा विचार न करता. मग यादी बघितली. दादाने एक फाइल हटवली. त्या ओळीच्या थोडं वर, मी एक फाइल हटवली. तीच अक्षरं, तसंच वाक्य, फक्त वेळ वेगळी. मी बराच वेळ त्या दोन ओळी बघत बसले, आणि व्हिडिओ परत ठेवला. मला काही मोठेपणा मिरवायचा नव्हता. मला त्याच्या ओळीवर माझी तसलीच ओळ शेवटची नको होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीवर बाबांना मी परत मिळालेला कागद आणि व्हिडिओ, दोन्ही दाखवायला घेतले. वकिलाकडे जायच्या आधी त्यांना ठाऊक असायला हवं होतं. वहिनी आणि दादा यादीत कसे आले तेही सांगितलं. वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "मग ते घरातले नायत?" मग व्हिडिओ बघितला.

"परत लाव."

परत लावला. माझ्या हाकेला दादा वळला, चिरा सुटला.

"तुजा काकासुदा असाच वळला होता," बाबा म्हणाले. "मी हाक मारली म्हणून."

मला कळेना. "कधी?"

"तो कलमावरून पडला नव्हता, बाय. त्याचा गुडघा मी फोडला. ह्याच गडग्याच्या चिऱ्यान. त्याच्यानंतर गाव बसला नि हा कागद झाला."

त्यांनी धडक्या हाताने फोन जवळ ओढला, वाटपपत्र उघडायला लावलं, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ गडग्याची नाय," ते म्हणाले. "ही माजी हाय."