काचेखालची पणती

पदार्थविज्ञान शिकायला मला चार वर्षं लागली. ते पोरांना कसं शिकवावं हे शिकायला हैदराबादेत आणखी एक वर्ष घालवलं, आणि परीक्षेत नापास झालो. पहिल्या परीक्षकाचा शेरा असा की मी पाऊण तास बोललो आणि पोरं गप्प बसली. ही बदनामी होती. मी चाळीस मिनिटंच बोललो होतो.

दुसरी आणि शेवटची संधी भालकीच्या शाळेत मिळाली, माझ्याच गावी. ह्या खेपेला पडलो तर आमच्या अप्पांच्या गुळाच्या अडतीवर बसायचं, हे ठरलेलं होतं. अप्पांनी माझ्यासाठी गादीही घालून ठेवली होती. माणूस आशावादी.

धडा होता, जळायला हवा लागते. जळती मेणबत्ती काचेच्या बरणीखाली झाकायची, ती विझते, पोरं कारण शोधतात. मी पाठाची वही तयार केली. कोणता प्रश्न विचारायचा, पोरगं काय उत्तर देईल, मी त्यावर कसं हसायचं, सगळं त्यात. वही एवढी जाड झाली की उतारावर बैलगाडीच्या चाकाखाली घातली असती तर गाडी दोन बैलांसकट थांबली असती.

मेणबत्त्या मात्र आगगाडीतच उन्हानं वाकल्या. भालकीला उतरलो तेव्हा एकीचं तोंड बिदरकडं आणि दुसरीचं उदगीरकडं होतं. शिपायानं शेजारच्या घरातून करडीच्या तेलाची पणती लावून आणली. मला वाटलं, ज्योत ती ज्योत. विज्ञानाला काय फरक पडतो?

परीक्षक साहेब हैदराबादचे. शेरवानी, चष्मा, मांडीवर माझी वही. राज्यही तेव्हा हैदराबादचंच, म्हणून शिकवणं उर्दूत; पोरं घरी मराठी नाहीतर कानडी बोलणारी. मी पणती मेजावर ठेवली, वरून बरणी झाकली. ज्योत आधी लांबली, मग निळी पडली, खाली बसली. तेवढ्यात पुढच्या बाकावरचं एक बारकं पोरगं उठलं आणि त्यानं बरणी बोटभर उचलली. ज्योत उभी राहिली.

मी उर्दू विसरलो. "कामून उचललास रं?"

"जायली की मास्तर ती."

"इझू दे."

सगळा वर्ग माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी कुणाच्या तरी घरचं वाईट चिंतलं होतं. मागून एक घोगरा आवाज आला, "असं म्हणू न्हाई, मास्तर."

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं दिवा कुणी फुंकत नाही, विझला असं तोंडानं म्हणतही नाहीत. निरोप दिला म्हणतात. माझ्या घरीही तेच. एम्. एस्सी. पर्यंतचं सगळं विज्ञान डोक्यात होतं, एवढं सोडून. मी पुन्हा झाकली, पोरानं पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा मी त्याला जागेवर बसवलं, तर शेजारच्यानं उचलली.

परीक्षक पुढं झुकले. "इससे पूछिए, उठाया क्यों?"

मी विचारलं. पोरगं म्हणालं, "आत जीव गुदमरायलाय तिचा. वारं दिलं."

"आणि न्हाई दिलं तर?"

"मग जाती ती."

मी उर्दूत सांगितलं. साहेबांनी विचारलं, वारं किती लागतं? पोरांत वाद लागला. एक म्हणे बोटभर, दुसरा म्हणे नखभर पुरं. दोघं मेजाशी आले, बरणी नखभर उचलून बघितली, ज्योत लटपटली; बोटभर उचलली, सावरली. मग सगळी चाळीस पोरं मेजाभोवती, आणि मी मागं भिंतीला टेकून. वहीतले वीसेक प्रश्न तसेच राहिले. घंटा झाली.

पोरं गेल्यावर साहेबांनी वही उघडली. "ये बरनी उठाना किस सफे पर है?"

थाप माझ्या जिभेवर तयार होती. अठरावं पान. आयुष्यात एवढी चांगली थाप मला परत सुचली नाही. पण अठरावं पान त्यांच्याच अंगठ्याखाली होतं.

"किसी सफे पर नहीं, जनाब. मुझे तो बुझानी थी."

त्यांनी लेखणी उघडली. बराच वेळ लिहीत राहिले. मग कागद माझ्यापुढं सरकवला. वर लिहिलं होतं, वर्गानं मास्तरापेक्षा चांगलं शिकवलं. त्याच्याखाली एक शब्द: कामयाब.

अप्पांना मी दुपारी सांगितलं. "म्हंजे पोरांनी पास केलं तुला," ते म्हणाले, आणि गादीवर नोकराला बसायला सांगितलं.

त्याआधी शाळेत पणतीचं काय करायचं, ते कुणाला कळेना. फुंकायला शिपाई तयार नव्हता, मीही नव्हतो. ती व्हरांड्यात ठेवली. परीक्षक साहेब शेरवानी आवरून तिला वळसा घालून गेले, आणि तेल संपेपर्यंत भर दुपारच्या उन्हात ती तशीच जळत राहिली.