आधी भूत, मग मामी

भंडारा जिल्ह्यात भुताखेतांची जेवढी सेवा माझ्या मामेसासऱ्यांनी केली, तेवढी आजवर एकाही मांत्रिकाच्या हातून झालेली नाही. आणि भुताला त्यांच्याएवढा घाबरणारा इसमही वैनगंगेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणतात. इथे कारभार उलटा. ब्रह्मराक्षस बिचारा आपल्या वाटेनं चाललेला, आणि हे गृहस्थ कॅसेट हातात घेऊन त्याच्या मागे! माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान, नदीपलीकडे कारध्याला घर, आणि घरात एक लोखंडी कपाट. असल्या कपाटात लोक दागिने ठेवतात, शेताचे कागद ठेवतात. यांच्या कपाटात भुतांच्या सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेटी. त्याही अशा सिनेमांच्या, जे काढणाऱ्यानं स्वतः दुसऱ्यांदा पाहण्याची हिंमत केली नसेल.

सिनेमाच्या खऱ्या नावाशी मामाजींना कर्तव्य नव्हतं. कॅसेटच्या पाठीवर ते आपल्या अक्षरात बारसं करून मोकळे व्हायचे. ‘विहिरीवाली’, ‘हिरवं भूत’, ‘एका डोळ्याचा बुवा’, ‘हवेलीवाली’. मग आणखी एक विहीर आली की ‘विहिरीवाली, दुसरी’. यातलं कुठलंही भूत धड नव्हतं. कुणाच्या पाठीवर कपड्याची चेन दिसायची, कुणाचा रबरी हात मनगटापाशी लोंबत असायचा, आणि धुकं तर असं यायचं की बाजूला कोणीतरी ओली लाकडं पेटवून बसलंय हे शेंबड्या पोरालाही कळावं. मामाजींना यातलं सगळं दिसायचं. दिसायचं म्हणजे काय, ते दाखवायचेच. “पाहा जी जवाईबापू, चुडैलीच्या पायात कॅनव्हासचे बूट हायेत! आता मले सांगा, पाय उलटे असते तं बूट कोणत्या बाजूनं घातले असते?” मी यावर विचार करायला लागावं, तेवढ्यात ती बूटवाली चुडैल वळून बघायची आणि मामाजी माझं मनगट असं आवळायचे की दोन दिवस वळ राहावा. खोटेपणा समजतो म्हणून माणूस भ्यायचं थांबत नाही, हे तत्त्वज्ञान मला एखाद्या ग्रंथातून नाही, त्या मनगटातून कळलं.

सिनेमा पाहायची त्यांची एक पद्धत होती. वेळ भर दुपारची. दुकान जेवायला बंद करून घरी आले की पुढचं दार सताड उघडं, मागचं दार सताड उघडं, खिडकीचा पडदा वर. टीव्हीवर ऊन पडून निम्मं चित्र दिसत नसे. पण उन्हात भूत बाहेर येत नाही, एवढी त्यांची खात्री. दिवस बुडाल्यावर त्या घरात कॅसेट लागली नाही. मशीनला लिंबू-मिरची टांगलेली असायची. खांद्यावरचा दुपट्टा हाताशी तयार. भुताची चाहूल लागली की तो डोळ्यांवर. “काय होऊन राहिलं सांगजा,” असं आतून म्हणायचे. म्हणजे आम्ही पाहायचं, आम्ही सांगायचं, आणि हौस कुणाची? तर यांची! रसिकता म्हणजे ती हीच असावी. आम्हाला आपलं उगाच वाटतं की रसिकाने डोळे उघडे ठेवावेत.

मामाजींचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्यानं एकदा नवाकोरा मोठा टीव्ही आणून भिंतीला लावला आणि मोबाईलवरून आजकालचा कुठलासा गाजलेला भयपट दाखवला. मामाजी शेवटपर्यंत बसले, मग तोंड वाकडं करून म्हणाले, “यांचं भूत दिसतच नाही. दार वाजते, पंखा हालते, बस. पैसा वाचवून राहिले लेकाचे!” शिवाय चित्र फारच स्वच्छ, ही वेगळी तक्रार. सिनेमात मधूनमधून आडव्या पट्ट्या आल्या पाहिजेत, आवाज जरा घोगरा झाला पाहिजे, मशीनला एक चापट मारावी लागली पाहिजे. त्याशिवाय भुताला यावंसं कसं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. पोरानं मोबाईल खिशात टाकला. तो पुण्याला परत गेला.

नवा जावई म्हणून मी पहिल्यांदा कारध्याला गेलो तेव्हा मामींनी वडे, पुरणपोळ्या, सगळं साग्रसंगीत केलं होतं. मामी म्हणजे आंधळगावची लेक. हात सढळ, जीभ त्याहून सढळ. जेवण अंगावर आलेलं, मला वाटलं आता एक डुलकी काढावी. कसलं काय! मामाजींनी ‘हवेलीवाली’ लावली. पडद्यावर एक हवेली, एक ठाकुराची मेलेली सून आणि पंधरा-वीस माणसं, ज्यांना रात्री एकेकट्यानेच तळघरात जायची खोड. मी जांभया आवरत तो सगळा संहार पाहिला. अखेर सून जळून खाक झाली, ‘समाप्त’ची पाटी आली, मी उठलो. मामाजींनी माझा शर्ट धरला. “बसा जी. अजून हाये.” पडद्यावर मुंग्या आल्या, खरखर झाली, आणि एकदम लाल शालूतली एक नवरी सरळ माझ्याकडे बघून खदाखदा हसायला लागली. खोटं कशाला सांगू, मी ओरडलो. मेलेली सून नवरी होऊन परत आली असंच मला वाटलं. मागून मामींचा आवाज आला, “भेऊ नका जी, मीच व्हय ते.”

ती खरोखर मामीच होती. त्यांच्या लग्नाच्या व्हिडिओचं शेपूट होतं ते.

हे कसं झालं ते मामींनी मला त्याच दुपारी सांगितलं, आणि पुढे प्रत्येक सणाला, प्रत्येक पाहुण्याला सांगितलं. त्या दोघांच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं नव्हतं. ‘हवेलीवाली’ची कॅसेट मामाजींना कुणा मित्रानं एका दिवसापुरती दिली होती. दोन मशीनी वायरनं जोडून उतरवून घ्यायचा बेत. पण नेमका पोळा. भंडाऱ्यातली झाडून सगळी दुकानं बंद, कोरी कॅसेट मिळेना. घरात एकच कॅसेट होती, लग्नाची. लग्नाच्या कॅसेटवर चुकून दुसरं काही उतरू नये म्हणून व्हिडिओवाला तिच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा तुकडा मुद्दाम तोडून देतो. मामाजींनी त्या भोकावर चिकटपट्टी लावली. म्हणजे चूक झाली म्हणायलाही जागा नाही! “चिकटपट्टी लावताना हात तरी थरथरला का, विचारा तुमच्या मामाजीले,” मामी म्हणायच्या. मामाजींचा बचाव ठरलेला होता. “लग्न तं झालंच होतं वं. आता कोणाले पुरावा द्याचा होता?” हळद गेली, अक्षता गेल्या, पंगती गेल्या, आंधळगावचा सगळा मांडव त्या हवेलीखाली गाडला गेला. सिनेमा जिथे संपला तिथून पुढची पाठवणी तेवढी वाचली.

मामी रडल्या नाहीत, माहेरी गेल्या नाहीत. त्यांनी दोन नियम केले. पहिला असा, की यापुढे त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणार नाहीत. “एकदा व्हिडिओ काढला, त्याच्यावर तुम्ही चुडैल बसवली. आता नाही.” हा नियम त्यांनी जन्मभर पाळला. मुलाच्या लग्नाच्या व्हिडिओत मामी म्हणजे इकडून तिकडे धावणारा एक पदर. दुसरा नियम मामाजींसाठी. पाठवणी पाहायची असेल तर कॅसेट पुढे पळवायची नाही. “मले भुताच्या मागं ठेवलं ना? मंग भुताच्या मागूनच या.” आता विचार करा, भुताला दुपट्ट्याआडून पाहणारा माणूस, आणि बायकोचं तेवढंसं लग्न पाहायचं तर दर वेळी ती अख्खी हवेली पार करायची! मामींनी नवऱ्याला शिक्षा दिली ती अशी. तिची बरोबरी आमच्या जिल्हा न्यायालयालाही जमायची नाही. आणि मामाजींनी ती इतक्या हौसेनं भोगली की एका पावसाळ्यात वैनगंगेचं पाणी कारध्यात शिरलं, लोक तांदळाची पोती माळ्यावर चढवत होते, तेव्हा हे ‘हवेलीवाली’ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून छातीशी धरून पायऱ्यांवर उभे. मामी पोतं ओढता ओढता ओरडल्या, “अजी, माणूस इथं हाये! कॅसेट कायले कवटाळून राहिले?” यावर मामाजी म्हणाले, “तुले पोहता येते. हिले नाही येत.” मामी पोतं तिथंच टाकून पायरीवर बसून हसल्या होत्या.

गेल्या पावसाळ्यात मामी गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि गेल्या. असं काही होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आम्ही सगळेच तेव्हा कोलमडलो. कपाटाला कुलूप लागलं. दुपारी मामाजी दुकानातच डबा खायचे, घराची दोन्ही दारं बंद असायची. लोकांना वाटलं, सुटलं एकदाचं भुतांचं वेड. मलाही वाटलं, कशाला खोटं बोलू.

मग दिवाळीनंतर एका दुपारी त्यांचा फोन आला. “जवाईबापू, मशीननं कॅसेट खाल्ली जी.” आवाज असा, की मी ऑफिसातून तसाच निघालो. दारं उघडी होती. मशीनमधून काळी फीत बाहेर आली होती आणि ती दोन्ही हातांत धरून मामाजी जमिनीवर बसले होते. हवेलीच्या तळघरापाशीच फीत अडकली होती. “आज हिंमत करून लावली होती,” ते म्हणाले, “तिच्यापर्यंत पोहोचलोच नाही.” एवढ्या मोबाईलच्या जमान्यात त्या बाईचं हलतंबोलतं चित्र जगात फक्त त्या फितीवर होतं, आणि फितीवर पांढरी बुरशी चढली होती. इतकी वर्षं मी त्या कॅसेटीला हसत आलो. त्या दिवशी हसू आलं नाही.

फीत हलक्या हातानं गुंडाळून मी ती नागपूरला नेली. तिथे एक गृहस्थ जुन्या कॅसेटी साफ करून पेन ड्राइव्हवर उतरवून देतात. त्यांनी ती पुढून मागून पाहिली, बुरशीचा वास घेतला आणि “सांगता येत नाही” असं म्हणाले. डॉक्टर म्हणतात तसंच. रोज कारध्याहून फोन. “लागलं का जी काही?” मी रोज सांगायचो, अजून नाही. शेवटी नागपूरचा फोन आला. थोडंफार चुरगळलेलं होतं, पण निघालं होतं सगळं. वर ते गृहस्थ मोठ्या भलेपणानं म्हणाले, “साहेब, एवढा भंकस पिक्चर कायले ठेवता? मागचं लग्नाचं वेगळं काढून देतो. बटन दाबलं की सरळ नवरी.” मला कल्पना फार पसंत पडली. म्हातारपणी निदान हवेलीतून तरी सुटका! मी मामाजींना फोन करून उत्साहानं सांगितलं.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तिनं नियम केला होता ना जी. ते गेली म्हणून मी मोडाचा का?”

पेन ड्राइव्ह घेऊन मी कारध्याला गेलो तेव्हा जेवणं आटपून दुपार कलायला लागली होती. मुलानं लावलेल्या मोठ्या टीव्हीला मामाजींनी सकाळीच लिंबू-मिरची बांधून ठेवली होती. दोन्ही दारं उघडी, दुपट्टा मांडीवर. हवेली लागली. ठाकुराची सून आली, दुपट्टा डोळ्यांवर गेला, “काय होऊन राहिलं सांगजा” सुरू झालं, आणि मी सांगत राहिलो. एकेकटा तळघरात गेला, एकेकटा मेला. चित्रात अधूनमधून आडव्या पट्ट्या आल्या तेव्हा मामाजींनी दुपट्ट्याआडून समाधानानं मान हलवली. शेवटी सून जळली. समाप्त. मुंग्या. मी म्हणालो, “मामाजी, दुपट्टा काढा.”

आंधळगावच्या मांडवाबाहेर मेटॅडोर उभी. दारात लाल शालूतल्या मामी, एक पाय आत, एक पाय बाहेर. शेजारी बाशिंग बांधलेला एक काडीपैलवान जांभई देतोय, ते आमचे मामाजी. मागे बाया हुंदके देतायत आणि नवरीच्या डोळ्यांत टिपूस नाही. कॅमेऱ्यामागून व्हिडिओवाला काकुळतीला येऊन म्हणतो, “अवो वहिनी, रडा ना जी थोडं, कॅसेट संपून राहिली!” मामी सरळ त्याच्याकडे बघतात. “तुमची कॅसेट संपून राहिली, तं मी काहून रडू?” आणि जे हसू फुटतं ते आवरतच नाही, पदर तोंडाशी नेईपर्यंत चित्र काळं होतं.

मामाजी काळ्या पडद्याकडे बघत राहिले. मग दुपट्टा परत डोळ्यांवर घेतला. आता सांगण्यासारखं काही पडद्यावर नव्हतं. बाहेर पुलावरून भंडाऱ्याच्या गाड्या चालल्या होत्या. ऊन अंगणातून सरकत पार कुंपणाला टेकलं होतं.

“पुन्हा लावा जी,” ते दुपट्ट्याआडून म्हणाले.

“मागचं तेवढंच लावू?”

“नाही. सुरुवातीपासून.”

मी घड्याळाकडे पाहिलं. “मामाजी, अर्ध्यात दिवस बुडेल.”

“बुडू द्या,” मामाजी म्हणाले.

मी उठून सिनेमा पहिल्यापासून लावला, आणि येऊन माझं मनगट त्यांच्या हाताशी ठेवून बसलो.