नानांची पळी आणि रशीदभाईंचं ताट

बी-बियाणं आणि खतांची दुकानं चालवणारे आम्ही काष्टी परिसरातले चौघे. माल बऱ्यापैकी खपला की कंपनी आम्हाला समुद्रावरच्या रिसॉर्टला नेते. राहणं, खाणं, पिणं सगळं तिच्याकडे. समुद्र बघून लगेच होतो. उरलेला वेळ जेवणात जातो आणि किस्से तिथंच साठतात!

पहिली ट्रिप गोव्याची. बुफेतून ताटं भरून आणली, टेबलाला बसलो, पण कुणी घास उचलेना. मॅनेजर धावत आला. "सर, जेवण आवडलं नाही का?"

नाना आमच्यात थोरले, माळकरी. शांतपणे म्हणाले, "तसं न्हाई. ती कोपऱ्यातली मंडळी बसायचीत अजून."

आमच्याकडं पंगत पूर्ण बसल्याशिवाय सुरुवात होत नाही. कोपऱ्यातली मंडळी दिल्लीची होती. आमची त्यांची ओळखसुद्धा नव्हती! मॅनेजर भला माणूस. त्यानं जाऊन त्यांना खरंच बसवलं.

* * *

बुफेत मटणाचा चमचा वरणात जातो, हे नानांनी गोव्यात हेरलं होतं. मालवणच्या ट्रिपला ते घरची पळी घेऊन आले! वरणाच्या भांड्यात पळी घातली, तर मागच्या बाईंनी ताट पुढं केलं. "भैया, थोडा और." नानांनी वाढलं. मग पुढचं ताट, मग त्यापुढचं. अर्धी लाईन वाढून झाल्यावर ते टेबलावर आले.

"सांगायचं ना, मी वाढपी न्हाई म्हणून!" मी म्हणालो.

"ताट पुढं आल्यावर न्हाई कसं म्हनायचं?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या चौघांतले, काष्टीच्या बाजारपेठेतले रशीदभाई वरणाच्या भांड्याशी पहाऱ्याला उभे राहिले. "बहेनजी, वो चम्मच उधर का है." नानांचं वरण ताटात घेऊन होईपर्यंत ते हलायचे नाहीत. त्यांचं स्वतःचं जेवण रोज गार व्हायचं.

कंपनीचे आभार आम्ही दर वर्षी स्टेजवर मानतो. या दोघांचे मानायचे राहूनच जातात.

* * *

रशीदभाईंचा जीव मटणात. पण हलालची खात्री नसेल तर हात लावणार नाहीत, आणि विचारायचा भारी संकोच. "कशाला उगाच लोकांना तरास?" मालवणात त्यांनी सकाळ-संध्याकाळ मासेच खाल्ले. शेवटच्या दिवशी पोटावर हात फिरवत म्हणाले, "नाना, आता आत भरती-ओहोटी सुरू झाली बगा!"

* * *

आमचे चौथे म्हणजे पारनेरकडचे बापू. रिसॉर्टला मनगटावर पट्टी बांधतात. ती दाखवली की काहीही खा. मालवणहून परतताना वाटेत एका हॉटेलात मिसळ खाल्ली. बापू उठले, गल्ल्यावर मनगट दाखवलं आणि सरळ चालू लागले!

मालकानं पट्टी नीट पाहिली. "कंच्या देवाचा गंडा हाय? पावला असंल, पर मिसळीचं काय?"

* * *

गोव्याचं गोड भारी, मालवणची सोलकढी, की व्हिएतनामची फळं, यावर आमची अजून भांडणं होतात. पण व्हिएतनामच्या शेवटच्या जेवणाबद्दल भांडण नाही.

समुद्राकाठी टेबलं मांडलेली, कंपनीनं जेवण आपल्याकडचंच ठेवलेलं. मटणाचा वास सुटलेला. रशीदभाईंनी मुकाट्यानं वरण-भात घेतला आणि तिकडं पाठ करून बसले. तिसरी ट्रिप, तरी ताटात मटण नाहीच. आम्हाला आमच्या ताटाकडं बघवेना. एवढ्यात बापू म्हणाले, "नाना कुठं गेले?"

नाना भटारखान्याच्या दारातून बाहेर आले. एका हातानं नाकावर उपरणं धरलेलं, दुसऱ्या हातात, अंगापासून लांब धरलेली, मटणाची प्लेट! मटणाच्या वासानं जागा बदलणारा माणूस!

प्लेट त्यांनी रशीदभाईंच्या पुढं ठेवली. "आत लखनौचा सैपाकी हाय, मुसलमान. त्याला इचारलं. हलालच हाय. पाकिटावरचा शिक्काबी बघितला."

"नाना, तुमी... हातात घेऊन आला?"

नाना तसेच खोलीकडं गेले. आम्ही समजलो, आता अंघोळ.

रशीदभाईंनी प्लेटला हात लावला नाही. आम्हीही आमच्या ताटांना नाही. मटण गार होऊ लागलं. वाढपी दोनदा विचारून गेला.

नाना ओल्या डोक्यानं, धुतलेला सदरा घालून आले. वरण-भाताचं ताट घेतलं. नेहमी रशीदभाईंपासून चार खुर्च्या लांब बसणारे नाना, त्यांनी त्यांच्या शेजारचीच खुर्ची ओढली.

"बसलो," नाना म्हणाले. "करा आता सुरू."