चुलीवर टांगलेली कणसं

आमच्या शेताचा खालचा तुकडा काळ्या मातीचा, वरचा मुरमाड. पाणी फक्त पावसाचं. वरच्या तुकड्यात सासूबाई घरची ज्वारी पेरायच्या. ती लवकर तयार व्हायची. पावसाने मध्येच ओढ दिली तरी भाकरीपुरती यायचीच. मळणीआधी त्या चांगली कणसं निवडून जुडी बांधायच्या आणि चुलीच्या वर टांगायच्या. धुराने कीड लागत नसे. शेवटच्या आजारात त्या मला म्हणाल्या, "बियानं सांभाळजो, वं माय."

त्या गेल्यावर दोन वर्षं मालकांनी दोन्ही तुकड्यांत कपाशी लावली. नदीकडच्या गावांत कपाशी चांगली होते, पण तिथे विहिरींना पाणी आहे. वर कपाशी नको, असं मला म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही. खालची कशीतरी तगली. वरची उघडीप पडताच सुकली.

तिसऱ्या वर्षी पेरणीच्या तोंडावर मालक स्वतःच म्हणाले, "वरला तुकडामा यंदा मायनी ज्वारी पेरूत. बियानं शे ना?"

"शे ना!" मी आनंदाने स्टुलावर चढले. जुडी हाताला हलकी लागली. कणीस चोळलं तर नुसता भुसा निघाला आणि बोटांवर किडे चालू लागले.

मधल्या काळात घरात गॅस आला होता. चूल पेटतच नव्हती, मग धूर कुठला? दर सणाला मी तिथली जाळी काढली, पण जुडीला एकदाही हात लावून बघितलं नाही.

मालक रागावले नाहीत. "आते काय करानं?" एवढंच म्हणाले.

पुढच्या गल्लीतल्या एका म्हातारीकडे तीच ज्वारी होती. मला ठाऊक होतं. पण मागायला जायची लाज वाटली. आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता आठ दिवस गेले. मी गेले तेव्हा तिच्या अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"चार दिन पहिले तं व्हती," ती म्हणाली. "कोनी इचारं नही, मंग कोंबडीसले टाकी दिनी. तुले काय तोंड नव्हतं का वं?"

आता वरच्या तुकड्यात विकतची ज्वारी असते. उंच वाढते, पण कणीस उशिरा निसवतं, आणि तोवर पाऊस गेलेला असतो. गुरांना चारा होतो, दाणा भरत नाही. चाऱ्याचा भारा घेऊन येताना वाट त्या म्हातारीच्या दारावरूनच आहे.

"कशी शे ज्वारी?" ती विचारते.

"चांगली शे," मी म्हणते आणि पाय उचलते.