एकाच घरातून दोन पाकिटं

परदेशातल्या गाण्याच्या स्पर्धेत कोणता देश जिंकणार, हे मी नागपुरात बसून सलग दोन वर्षं बरोबर ओळखलं होतं. गाण्यांची भाषा ओ की ठो कळत नव्हती, म्हणूनच कान शाबूत होते. युरोपातल्या एका रेडिओ केंद्राचा हिंदी कार्यक्रम आमच्याकडे संध्याकाळी लागायचा. तिकडे समुद्रकाठच्या कुठल्याशा गावात दरवर्षी दहा-बारा देशांचे गायक जमत. हे केंद्र महिना-दीड महिना आधी त्यांची गाणी थोडी थोडी ऐकवून श्रोत्यांना विचारायचं, सांगा पाहू, कोण जिंकेल? बरोबर उत्तरांतून एक चिठ्ठी काढायचे आणि ज्याची निघेल त्याला पंधरा दिवसांची सहल. माझी उत्तरं दोन्ही वर्षी बरोबर आली आणि चिठ्ठी दोन्ही वर्षी दुसऱ्याच कुणाची निघाली.

तिसऱ्या वर्षी मी अतिशहाणपणा केला. एका नावावर एकच उत्तर, असा नियम होता. तेव्हा एक पाकीट माझ्या नावानं टाकलं आणि दुसरं दादाच्या नावानं. दोन्हीत लिहिलं, हंगेरी. सगळेच हे करायचे. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं तर तान्ह्या भाच्याच्या नावानंही पाठवलं होतं. दादाला सांगायचं राहून गेलं. म्हणजे, मी सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी दादाला संरक्षण खात्याच्या एका कारखान्यातून पत्र आलं. बाबा दम्यापायी गिरणीतून घरी बसले होते, आई शिवणकाम करायची आणि दादा औषधाच्या दुकानात दिवसभर उभा असायचा. ही घरातली पहिली सरकारी नोकरी. निवड झाली होती. फक्त पोलीस तपासणी बाकी होती. तिचा फॉर्म दादा मोठ्यानं वाचत वाचत भरत होता. त्यात एक प्रश्न आला, परदेशातल्या कुठल्या संस्थेशी आपला पत्रव्यवहार आहे काय?

दादा हसला. "नरखेडच्या मामाले दोन वर्षांत पत्र नाही धाडलं, आन् परदेशात!" त्यानं घोटीव अक्षरात 'नाही' लिहिलं. खाली छापलं होतं, माहिती खोटी आढळल्यास नोकरी केव्हाही जाईल.

मी तांदूळ निवडत होते. खडे संपले तरी निवडत राहिले.

मी रेडिओला पत्रं लिहिते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण प्रश्न माझ्याबद्दल नव्हता. दादाचं उत्तर खोटं होतं आणि ते मला एकटीलाच माहीत होतं. हंगेरी जिंकली, चिठ्ठी त्याची निघाली आणि त्याचं नाव पत्त्यासकट साऱ्या देशानं ऐकलं, तर? शिवाय ते गाणं जिंकणारच होतं. त्यातली बाई शेवटी असा काही सूर चढवायची की टाळ्या गाणं संपायची वाट बघत नसत. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरातून नवस-सायास गेले होते. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा त्याची अडचण झाली.

तपासणीचा शिपाई एका दुपारी आला. आईनं चहा-चिवडा ठेवला. शेजारच्या काकू आपल्या परीनं मदत करायला धावल्या. "लय हुशार घर हाय साहेब. परदेशातून पाकिटं येतात याईच्याकडे!"

"कोणाच्या नावानं?"

"पोरीच्या."

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

निकालाला दोन दिवस उरले तेव्हा मला राहवेना. दादा अंगणात सायकल पुसत होता.

"दादा, मी तुह्या नावानं बी एक पाकीट धाडलं. रेडिओले."

त्यानं फडकं सीटवर टाकलं. "काहून वं? मले विचारलं असतं तर काय झालं असतं?"

"तू नाही म्हटलं असतं."

"मंग?"

मी म्हटलं, इतक्या हजारांतून तुझंच नाव कशाला निघेल, आणि हंगेरी जिंकेलच असं थोडंच आहे.

"तुहं कधी चुकलं काय?" तो म्हणाला. माझ्या कानांवर त्याचा एवढा भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कारखान्याच्या कचेरीत गेला आणि आपलं उत्तर दुरुस्त करावं असा अर्ज देऊन आला. अर्ज फाइलीला लागला आणि फाइल पुन्हा चौकशीला गेली.

निकालाच्या संध्याकाळी आम्ही दोघं रेडिओला कान लावून बसलो. आवाज येत होता, बुडत होता. तिसरा देश, दुसरा देश, पहिला देश. हंगेरी कुठेच नव्हती. मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, दोन दिवस तोंड मिटून बसले असते तर!

दादानं रेडिओ बंद केला. "चला, तुले गाण्यातलं काही समजत नाही, हे तरी समजलं." मग उठता उठता म्हणाला, "बरं केलं सांगितलं."

त्याच्याबरोबर निवडलेली पोरं त्याच महिन्यात कामावर रुजू झाली. दादाचे कागद चौदा महिन्यांनी आले. तेवढे दिवस तो औषधाच्या दुकानातच उभा राहिला. मी मधून मधून विचारायची, माझ्यामुळे झालं ना रे? तो दर वेळी म्हणायचा, "बरं केलं सांगितलं." पुढे पुढे मला त्या तीन शब्दांचीच धास्ती वाटू लागली. कोण जिंकेल हे मी त्यानंतर कुणालाही सांगितलं नाही, क्रिकेटच्या सामन्यातसुद्धा.

सात वर्षांनी बढतीची यादी लागली, रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे. त्याच्याबरोबरच्या पोरांची नावं सगळी लागली, आणि त्यांच्यापाशी यादी संपली. मी तेव्हा माहेरी आले होते. दादानं हे जेवताना सांगितलं, पाऊस पडला म्हणून सांगावं तसं. माझ्या तोंडून जुनाच प्रश्न गेला, "मी चूप राहिली असती तर?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"तर आज माहं नाव लागलं असतं."

मला रडू कोसळलं.

"आता काहून रडून राहिली?" तो म्हणाला. "तुनं विचारलं, मी सांगितलं. भाजी वाढ."

मी भाजी वाढली. डोळ्यांतल्या पाण्यानं नीट दिसेना, अर्धी ताटाबाहेर सांडली, आणि ती त्यानं बोटांनी निपटून ताटात घेतली.