बाहेरच्या पोरींची कबड्डी

माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. तिथल्या शाळेच्या अंगणात मी कबड्डी शिकले, तालुक्यापर्यंत खेळले आणि लग्न होऊन महाडला आल्यावर खेळ सुटला. पुढे आमच्या महिला मंडळानं कारखान्यांजवळच्या चाळींतल्या मुलींसाठी संध्याकाळचा वर्ग काढायचं ठरवलं, तेव्हा शिकवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. थोडा व्यायाम, थोडा खेळ आणि शेवटी मूठभर शेंगदाणे-गूळ, कधी उकडलेलं अंडं, एवढाच आमचा बेत.

या चाळींत बिहारची, ओडिशाची माणसं. काही घरं नेपाळी वॉचमनची. आई-बाप पाळीवर गेले की घर मुलींच्या अंगावर. शाळेतून आल्या की भांडी, स्वयंपाक, धाकटी भावंडं. खेळायला या म्हटलं की त्या आधी मागे वळून घराकडे बघायच्या.

त्यातली एक वॉचमनची मुलगी, आठवीतली. धाकट्या बहिणीला कडेवर घेऊनच मैदानात यायची. अंगानं काटकुळी, पण पाय असे चपळ की पकडणाऱ्या मुली नुसत्या हात मारत राहायच्या. अडचण एकच होती. मध्यरेषा ओलांडली की तिचा दम लगेच तुटायचा. मला वाटलं, सवय नाही, होईल हळूहळू. एका संध्याकाळी चढाईतून परत येताना ती रेषेवरच कोसळली. ओठ पांढरे पडलेले, हात गार.

आमच्या आशाताईंनी, म्हणजे वस्तीतल्या आरोग्यसेविकेनं, तिला आरोग्य उपकेंद्रात नेऊन रक्त तपासून घेतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्तच नाय गो. ही खेळते कशी तेच मला नवल वाटतंय."

मी तिच्या घरी गेले. आई पॅकिंगच्या कामावरून नुकतीच आली होती. मुलगी जेवते काय, असं विचारल्यावर ती गोंधळली. "जेवते ना दीदी. सगळ्यांना वाढून मग जेवते." मुलीनं मान खाली घातली. उरलं तर जेवायची, असा त्याचा अर्थ होता, आणि तो आईला त्या क्षणी कळला. उठून तिनं मुलीच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि ती खाईपर्यंत समोर बसून राहिली.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पावसाळा सरेपर्यंत मुलीच्या चेहऱ्यावर रंग आला. तिचा "कबड्डी, कबड्डी" आता चाळीच्या पार टोकाला ऐकू जायचा. तिची आई कामावरून येताना मैदानाच्या कडेला जरा वेळ थांबू लागली. ते दिवस चांगले होते.

मग सावित्रीकाठच्या एका गावात मुलींचे सामने ठरले. मी आमचा संघ टेम्पोतून घेऊन गेले. वाटेतलं दासगाव येईपर्यंत मुली गाणी म्हणत होत्या, प्रत्येकीचं गाणं वेगळ्या भाषेतलं. मैदानावर पोचलो तर आयोजकांपैकी एक काका पुढे आले. मुलींची नावं ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा बदलला.

"ताई, ह्या पोरी आपल्या नाय हायत."

"महाडात राहतात, महाडच्या शाळेत शिकतात. मग कुणाच्या आहेत?"

"तसं नाय. उद्या कोण काय बोललं तर आमच्यावर येईल."

बरीच बोलाचाली झाली. शेवटी समोरच्या संघातल्या मुलीच म्हणाल्या, "खेळू द्या ना काका, आम्ही कुणाशी खेळायचं मग?" आणि सामना झाला. आम्ही हरलो, पण थोडक्यात. माझी ती मुलगी तिघींच्या पकडीतून निसटून परत आली, तेव्हा गावातल्या बायकांनीही टाळ्या वाजवल्या. कडेला काही पोरं "ए नेपाळी" करून ओरडत होती आणि मोबाइल धरून उभी होती. मी दोनदा हटकलं. ती पोरं हसली आणि तिथंच उभी राहिली.

त्यातल्या एकानं व्हिडिओ पसरवला. त्या निसटलेल्या चढाईचा नाही. एकदा ती पकडीत खाली पडली, टी-शर्ट वर सरकला, तेवढाच तुकडा, आणि त्यावर घाणेरडं लिहिलेलं. तो फिरत फिरत कारखान्याच्या गेटवर, तिच्या वडिलांच्या बरोबरच्या वॉचमनच्या फोनवर पोचला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी घरी गेले. वडील युनिफॉर्ममध्येच उंबऱ्याशी बसले होते.

"आपण पोलिसांत जाऊ," मी म्हटलं. "मी येते तुमच्याबरोबर."

"तिथं माझ्या मुलीचं नाव सांगावं लागेल."

"तिची काही चूक नाही."

"मला माहीत आहे दीदी." ते इतक्या वर्षांत मराठी छान शिकले होते, फक्त बोलण्याला त्यांचा हेल होता. "तुम्ही इथल्या. तुम्हाला कोणी बोललं तर चार घरं उभी राहतील. मी दुसऱ्याच्या गेटवर उभा राहतो. माझ्यासाठी कोण उभं राहील?"

मी राहीन, असं म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण ती मान हलवणं हो म्हणायचं नव्हतं. मुलगी आत भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं नाही.

आशाताईंना घेऊन मी त्या गावात गेले, व्हिडिओ पसरवणाऱ्या पोराचं घर शोधलं. त्याची आई अंगणात भात वाळत घालत होती, तो ओट्यावर फोन घेऊन बसला होता. "पोरगा हाय गो, केली मजा," ती म्हणाली. "तुला त्या लोकांचं एवढं काय पडलंय?" तेवढ्यात घरातून त्याची बहीण आली. आमच्याविरुद्ध खेळलेली, मी लगेच ओळखली. तिनं भावाच्या हातातून फोन हिसकावून घेतला आणि आमच्यासमोर तो व्हिडिओ काढून टाकला. "लाज वाटत नाय तुला?" एवढंच ती त्याला म्हणाली. पण तोवर तो किती फोनांत गेला होता, कोण सांगणार?

होळीच्या आधी वडिलांनी तिला नेपाळला मामाकडे पाठवायचं ठरवलं. मी स्टँडवर गेले. आशाताईंनी गोळ्यांची पाकिटं दिली होती, ती तिच्या पिशवीत ठेवली. ती म्हणाली, "ताई, सगळे म्हणतात घरी चाललीस. मला तर ते घर आठवतही नाही." मी तिची वेणी सारखी केली, एवढंच.

वर्ग चालू आहे. काही घरांनी मुली काढून घेतल्या. ज्या येतात, त्यांच्या आया आळीपाळीनं कडेला बसतात आणि कुणी फोन बाहेर काढला की सगळ्या एकदम तिकडे बघतात. मुली मात्र आता पडायला घाबरतात. न घाबरता पडायला कसं शिकवायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

परवा तिची आई बाजारात भेटली. मी विचारलं, कशी आहे, जेवते ना? "जेवते म्हणते," ती म्हणाली. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत हळू आवाजात म्हणाली, "पण फोनवर आता फार बोलत नाही."