लायनस कालथॉफचे तीन डावखुरे

लायनस कालथॉफच्या गळ्यात कायम दोन वस्तू असत. एक आईने घातलेलं संताचं पदक आणि दुसरी मैदानावरच्या शेडची किल्ली. पदक त्याने अंघोळीला जाताना कधीतरी काढलं असेल, किल्ली बावीस वर्षांत एकदाही नाही. पहाटेपासून तो दुधाचा टँकर चालवायचा, सत्तावीस गोठे करायचा, आणि डेअरीत दूध ओतून झालं की दुपारी थेट बेसबॉलच्या मैदानावर. परगावच्या कुणी विचारलं, "आपण काय करता?" तर छाती काढून सांगायचा, "सेंट क्लीटस गावच्या टीमचा मॅनेजर आहे." टँकरचं नावसुद्धा घ्यायचा नाही.

आता मॅनेजर म्हणजे कुणी मोठा साहेब नव्हे हं! गवत कापा, चुन्याच्या रेघा ओढा, खेळाडूंना फोन करकरून बोलवा, आणि कोण कुठे खेळणार ते कागदावर लिहून पंचाच्या हातात द्या. यातलं शेवटचं काम त्याच्या जिवावर यायचं, कारण त्याचं अक्षर. लायनस जन्माचा डावखुरा. तिसरीत सिस्टर अर्मेलिंडाने त्याचा डावा हात रुमालाने बाकाला बांधला आणि उजव्याने लिहायला लावलं. एक दिवस नाही, वर्षभर! त्या काळी सगळ्याच शाळांत तसं करत, तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण अक्षर बिघडलं ते कायमचंच. पंच त्याचा कागद उलटासुलटा करून बघत आणि शेवटी म्हणत, "लायनस, तूच वाचून दाखव बाबा." चेंडू मात्र त्याने आयुष्यभर डाव्यानेच फेकला. सिस्टरचा रुमाल मैदानापर्यंत पोचला नाही.

आमच्या मैदानाच्या उजव्या अंगाला चर्चच्या दफनभूमीची भिंत आहे. इतकी जवळ, की डावखुऱ्या बॅटरने जरा जोर लावला की चेंडू भिंतीपलीकडे. म्हणजे समोरच्या टीमचा होमरन, आणि वर आमच्या कुणाच्या तरी आजोबांच्या थडग्याचा टवका. फादर वैतागले, गावातल्या म्हाताऱ्या वैतागल्या. तेव्हा लायनसने उपाय काढला. डावखुऱ्या पिचरपुढे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यापुढे, डावखुरा बॅटर गडबडतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मग आपले पिचर डावखुरेच ठेवायचे! झालं. तेव्हापासून हा माणूस दूध गोळा करायला गेला की गोठ्याच्या दारात बाईला पहिला प्रश्न विचारायचा, "बाळ चमचा कुठल्या हाताने धरतं?" उजवा म्हटलं की याचं तोंड उतरायचं. बायका हसून हसून बेजार व्हायच्या. पण रोली थेलन आणि डेनी वुर्त्झ हे आमचे दोन पिचर त्याने असेच चमच्यावरून हेरले, हे विसरू नका.

आणि घरच्या मैदानावर आम्ही जिंकायचो हो! सहा वेळा विभाग जिंकून आम्ही मिनेसोटाच्या राज्य स्पर्धेत गेलो. सहाही वेळा पहिल्याच मॅचला हरून, थर्मासातली कॉफी गार व्हायच्या आत घरी. १९९६च्या ऑगस्टमध्ये सातव्यांदा चान्स आला, तेव्हा त्याची बायको डोलोरेस, जी बावीस वर्षं आमची स्कोअरची वही लिहीत होती, तिने त्याला स्वयंपाकघरात समोर बसवलं.

"केक नंतर खा. आधी हे बघ," ती म्हणाली आणि वह्या पुढे सरकवल्या. "तुझे डावखुरे घरी मार खात नाहीत. बाहेर, राज्य स्पर्धेत, खातात. दर वेळी."

"नशीब," लायनस म्हणाला.

"नशीब कसलं? भिंत! भिंतीच्या लोभाने इथे सगळे डावखुरेच बॅटर उतरवतात; बाहेरच्या मैदानावर आपली भिंत नसते, लायनस. तिथे उजवे बॅटर येतात आणि तुझ्या डावखुऱ्यांना धोपटतात. बावीस वर्षं तू माणसांवर विश्वास ठेवलास आणि काम करत होती दफनभूमी."

लायनसने वह्या पहिल्या पानापासून वाचून काढल्या. दुसऱ्या दिवशी दूध ओतून झाल्यावर स्पर्धेच्या गावी टँकर घेऊन गेला आणि तिथलं मैदान पावलांनी मोजून आला. डावीकडचं कुंपण अगदी जवळ, म्हणजे उजव्या बॅटरांची चैनच. घरी येऊन म्हणाला, "तुझंच बरोबर आहे." बावीस वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य ऐकून डोलोरेस खुर्चीत बसली.

आमच्याकडे एक रीत आहे. राज्य स्पर्धेला निघालेल्या टीमला विभागात हरलेल्या टीमकडून पिचर उसना घेता येतो. यंदा सगळ्यांच्या तोंडात एकच नाव होतं, ब्रँडव्होल्ड. चोवीस वर्षांचा, उजव्या हाताचा, चेंडू असा टाकणारा की बॅटरला फक्त आवाज ऐकू यावा. आमच्या टीमच्या कमिटीचा अध्यक्ष अलॉइस क्रेमर, पशुखाद्याच्या गिरणीचा मालक, त्याने भर चर्चच्या पायऱ्यांवर लायनसला गाठलं.

"या वेळी उजवा घ्यायचा. पुन्हा डावखुरा घेतलास आणि हरलास, तर ती गळ्यातली किल्ली माझ्या हातात. कळलं?"

"ब्रँडव्होल्ड घेतो," लायनस म्हणाला. "शब्द देतो."

चर्चमधून निघालेल्या साठ माणसांनी तो शब्द ऐकला. सिस्टर अर्मेलिंडाही त्यात होती. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काठी टेकत चालणारी, पण एकही मॅच न चुकवणारी.

विभागाची फायनल आम्ही रविवारी दुपारी होल्डिंगनमध्ये जिंकली आणि तिथेच, भाजलेल्या सॉसेजच्या धुरात, उसना पिचर निवडायची वेळ आली. हरलेली पोरं गाड्यांपाशी बिअर पीत, आपल्याला काही पडलेली नाही असं दाखवत उभी असतात. पण खूण एकच असते. ज्याला आशा असते तो खिळ्यांचे बूट काढत नाही. ब्रँडव्होल्ड बूट घालूनच उभा होता, त्याला खात्रीच होती. आणि त्याच्या पलीकडे बाकावर लिअँडर मेग्लाइन बसला होता.

मेग्लाइन होल्डिंगनचा पोस्टमन. त्रेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, डावखुरा, आणि त्याचा चेंडू इतका हळू की मध्ये दोन पत्रं टाकून यावीत. वीस वर्षं तो या दिवशी बूट न काढता बसत आला होता. वीस वर्षं त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मग सगळे गेले की हा खाली वाकून हळूच नाड्या सोडायचा. लायनसने ते दर वर्षी पाहिलं होतं. या वर्षी तर पोस्टमनने बुटांना पॉलिश केलं होतं.

"सेंट क्लीटस, नाव सांगा," विभागाचा सेक्रेटरी ओरडला.

लायनसने ब्रँडव्होल्डकडे बघितलं, बुटांकडे बघितलं, आणि तोंड उघडलं.

"मेग्लाइन," तो म्हणाला.

अलॉइसच्या हातातलं सॉसेज मातीत पडलं. मेग्लाइनने मागे वळून बघितलं, आपल्या नावाचा आणखी कुणी आहे की काय! मग उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. विभागातून राज्य स्पर्धेला जाणाऱ्या दुसऱ्या टीमने क्षणाचाही वेळ न लावता ब्रँडव्होल्डला उचललं.

 परतताना गाडीत सहाव्या मैलाला डोलोरेस फुटली.

"शब्द दिला होतास! साठ माणसांसमोर! मैदान मोजून आलास, वह्या वाचल्यास, आणि तरी?"

"तोंडातून निघून गेलं."

"तोंडातून शिंक निघते, लायनस. पोस्टमन नाही निघत."

"त्याने पॉलिश केलं होतं गं बुटांना," लायनस म्हणाला. डोलोरेसने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. हसता हसता रडायलाच लागली. "किल्ली जाणार तुझी, वेड्या. मग दुपारी काय करशील तू घरात? माझं डोकं खाशील!" ती म्हणाली.

पुढचा आठवडाभर गावाने त्याला सोडलं नाही. दुकानात गेला की कुणीतरी विचारायचं, "काय लायनस, आमचं पार्सल कधी पोचणार?" गोठ्यांवर बायका चमचा दाखवून हसायच्या. हा खाली मान घालून पाइप जोडायचा.  चूक तर त्याचीच होती, आणि ती त्याला कुणाहीपेक्षा जास्त कळत होती. आणि किल्ली गेली तर? टँकर दुपारी रिकामा व्हायचा आणि त्यानंतर जायला दुसरी जागाच त्याला ठाऊक नव्हती.

शनिवारी मॅचच्या आधी अलॉइस आला. "पिचर कोण?"

"आज मेग्लाइन. दुसऱ्या मॅचला रोली, तिसऱ्या मॅचला डेनी."

"दुसरी मॅच?" अलॉइस म्हणाला. "दुसरी मॅच काय असते हे माहीत तरी आहे का रे आपल्याला? आणि तिघेही डावखुरे! किल्ली काढून ठेव." लायनसने खरंच काढली. गळ्यातून काढून उजव्या मुठीत घट्ट धरली, म्हणजे द्यायची वेळ आली तर लोकांसमोर मान वाकवून काढत बसायला नको.

पहिल्याच इनिंगला एका धिप्पाड उजव्या बॅटरने मेग्लाइनचा चेंडू डावीकडच्या कुंपणाबाहेर फेकला. बेसवर आधीच एक जण होता, म्हणजे दोन रन.  लायनस जागचा हलला नाही.

आणि मग गंमत सुरू झाली. तो होमरन पाहून त्यांच्या सगळ्याच बॅटरांच्या तोंडाला पाणी सुटलं. कुंपण एवढं जवळ, चेंडू एवढा हळू, मग कोण धीर धरतो? जो तो जीव खाऊन बॅट फिरवी, पण चेंडू अजून वाटेतच. पोस्टमनचाच तो, त्याला कसली घाई? बॅट लवकर फिरायची आणि फटका जायचा रेघेबाहेर, डावीकडे, गाड्या लावल्या होत्या तिकडे. एक फाउल. दुसरा फाउल. चौथ्या इनिंगला खळ्ळकन आवाज आला आणि लाउडस्पीकरवर विचारणा झाली, "निळी नवी पिकअप कुणाची?" अलॉइसची. आमची माणसं पोट धरून हसली, आणि हसल्यावर त्यांना खेळता यायला लागलं. सहाव्या इनिंगला दोन-दोन झाले, आठव्याला आमचे तीन.

नवव्या इनिंगला मेग्लाइन घामाने निथळत होता. दोन आउट झाले होते, आणि बेसवर त्यांचे दोन जण होते. लायनस त्याच्याजवळ गेला.

"दमलास का रे? खरं सांग."

"दमलोय," मेग्लाइन म्हणाला. "पण मला बूट काढायला सांगू नकोस, लायनस. आज तरी नको."

लायनसने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि परत आला. समोर आला तो पहिल्या इनिंगचाच धिप्पाड. चेंडू उडाला तो उंच, उंच, डावीकडे. त्या बाजूला आज फील्डिंगला डेनी वुर्त्झ उभा होता. तो मागे मागे गेला, पाठ कुंपणाला टेकली, आता जागाच उरली नाही. डोलोरेसने वही तोंडावर धरली. डेनीने हात वर केला आणि चेंडू त्याच्या हातात येऊन बसला.

त्यानंतर काय झालं ते विचारूच नका. फादर उड्या मारत होते. मेग्लाइनला उचलायला सहा जण लागले. अलॉइस काचेचे तुकडे झटकत आला, लायनसने मूठ पुढे केली, तर म्हणाला, "घाल ती गळ्यात, आणि माझ्याकडे बघून हसू नकोस." त्याचे डोळे लाल झाले होते, पण त्याने ते धुळीवर ढकललं.

मग पंच आला. दुसऱ्या मॅचचा कागद लगेच हवा होता. लायनस बाकावर बसला आणि मूठ उघडायला गेला, तर बोटं उघडेनात. नऊ इनिंग किल्ली आवळून उजवा हात लाकडासारखा झाला होता. किल्लीचे दात तळव्यात उमटले होते. पंच खोळंबला. मग लायनसने पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि कागदावर टेकवली.

मागे काठी वाजली. सिस्टर अर्मेलिंडा उभी होती. छप्पन्न वर्षांचा तो बाप्या दचकला, आणि त्याने पेन्सिल पटकन त्या आखडलेल्या उजव्या हातात कोंबली. ती निसटून खाली पडली.

सिस्टर वाकली. तिला वाकायला बराच वेळ लागला. तिने पेन्सिल उचलली आणि त्याच्या डाव्या हातात दिली.

"लिही," ती म्हणाली. "मी चुकले होते रे, कालथॉफ. केव्हाच सांगायला हवं होतं मी."

लायनसला समोरचं नीट दिसेना. तरी त्याने हळूहळू, एकेक अक्षर काढत लिहिलं: पिचर, रोली थेलन. सिस्टरने कागद डोळ्यांजवळ धरला.

"हासुद्धा डावखुराच ना?"

"हो, सिस्टर."

"बरं," ती म्हणाली आणि कागद पंचाला दिला. पंचाने तो एकदाच बघितला, मान डोलावली आणि खिशात घातला. वाचून दाखव म्हणाला नाही.